उलट्या खुंट्या

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," म्हातारे वादक म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावा द्या."

तपासनीस बाईंना असली माणसं नको असायची. उत्तर आधीच ठरवलेलं असलं की माणूस प्रश्न ऐकूनच घेत नाही. तरी त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे यजमान दाराशी उभे राहिले. ते गाडी चालवायला म्हणून येत आणि न विचारता मतं देत.

पलंगावर उघड्या पेटीत जुनी बेस गिटार होती. पक्षाघाताने वादकांचा डावा हात गेला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी सहज पेटी उघडायला लावली, तर माथ्यावरच्या चारही खुंट्या बदललेल्या!

"जुन्या खुंटीखालची धातूची पट्टी मोठी होती," ते म्हणाले. नव्या पट्टीभोवती लाकडाची फिकट किनार उघडी पडली होती. "स्क्रूला एकच आडवी खाच असायची, आता अधिकचं चिन्ह आहे. कंपनीने याच मॉडेलची नवी आवृत्ती काढली, तिचा माल हा. शिवाय जुन्या खुंट्या उलट्या फिरायच्या. तार ताणायला जावं तर सैल पडायची. नव्या आवृत्तीत ती खोडही काढून टाकली. पण बाजारात भाव आहे तो जुन्या, मूळ खुंट्यांनाच."

"मग सूर कोण लावायचं?"

"माझ्याशिवाय सवय झालेले तिघंच. कारागीर, माझा धाकटा भाऊ आणि मुलगी. मी दवाखान्यात असताना गिटार कारागिराकडे होती. ती परत आल्यावर पेटीला हातही लावला नाही, असं भाऊ आणि मुलगी दोघंही सांगतात. मग उरला कोण? इतक्या वर्षांची मैत्री, आणि केसाने गळा कापला! सगळ्या वादकांना सांगितलंय मी. त्याच्या दुकानात आता काळं कुत्रं फिरकत नाही."

बाईंनी गिटार बाहेरच्या खोलीत नेली, चारही तारा सैल केल्या आणि एकेकाला बोलावलं.

कारागीर मान खाली घालूनच आला.

"जरा सूर लावता?"

त्याने खुंटी फिरवली. तार आणखी लोंबली. तो चपापला, मग दुसऱ्या बाजूला फिरवू लागला.

"खुंट्या तुम्ही बदलल्यात?"

"या घरचा चहा जन्मभर प्यालोय मी," तो म्हणाला. "आणखी काय सांगू?"

भाऊ बसायच्या आधीच सुरू झाला. "दादाला कुणी समजवायचं! एकदा डोक्यात घेतलं की घेतलं." त्याचीही तार सैल पडली. "च्यायला, हिचं काय बिनसलंय?"

मुलगी शेवटी आली. तिने ओले हात पुसले, गिटार मांडीवर घेतली आणि चारही तारा झटपट सुरात आणल्या. "बाबांच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी मीच लावायचे," ती म्हणाली.

ती गेल्यावर यजमान कुजबुजले, "अगं, भाऊच तो. त्याला धड सूरही लावता येत नाही."

"अहो, म्हणूनच तर तो सुटला."

बाईंनी सगळ्यांना वादकांच्या खोलीत जमवलं.

"या गिटारवर तिघांच्याही हातांना उलटं वळण आहे. कारागिरांवर आळ आला, तेव्हा खुंट्या नव्या आहेत हे त्यांना कानांना कळलं होतं, हातांना नाही. म्हणून ते फसले. भाऊही फसले. ही एकदाही चुकली नाही." त्या मुलीकडे वळल्या. "पेटी उघडलीच नव्हती, तर हाताला नवं वळण लागलं कधी?"

मुलीने तोंड झाकून घेतलं.

"पडली माझ्या हातून," ती म्हणाली. "कारागीरकाकांकडून ती परत आली तेव्हा बाबा अजून दवाखान्यातच होते. एक खुंटी मोडली. बाबा हाय खातील म्हणून नव्या आणल्या. एकच बदलली असती तर उठून दिसली असती. कारागीरकाकांचं नाव निघालं तेव्हाच बोलायला हवं होतं मी. रोज ठरवायचे आणि रोज जीभ उचलायची नाही. मला स्वतःचीच लाज वाटते."

तिने कपाटातून जुन्या खुंट्या आणल्या. कारागिराने मोडकी खुंटी उजेडात धरली.

"मोडली कुठे? दांडा वाकलाय नुसता. मला विचारायचं होतंस, पोरी."

वादकांनी मान कारागिराकडे वळवली.

"तिचं सोड," ते म्हणाले. "मी तरी कुठे विचारलं तुला?"

कारागिराने चारही खुंट्या रुमालात बांधल्या.

"उद्या बसवून देतो," तो म्हणाला. "परवा दुकानाची जागा सोडतोय."