ओवाळलेलं मीठ

पंचावन्न सालची गोष्ट. ठाण्याचे काळुशेठ एका सकाळी मिठाची पुडी घेऊन इस्पितळात जायला निघाले. खाडीकाठी त्यांची मिठागरं. शाळा दुसरीपर्यंत, पण बोटांत खडा चोळून तो कुठल्या आगरातला ते सांगत.

त्यांच्या मुलीला, लक्ष्मीला, फिट यायची. विलायतेहून आलेले डॉक्टर श्रीपादराव कवटी उघडून, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या वाती मेंदूवर ठेवून, तिथली वीज कागदावर उतरवत. रेघेत रोग दिसला की तेवढी जागा कापायची. आदल्या आठवड्यात काळुशेठच्याच आगरातलं मीठ वापरून कातडीवरून घेतलेल्या रेघा गढूळ आल्या, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले होते, "शेठ, मिठात माती फार हो तुमच्या!"

काळुशेठच्या अंगाचा तिळपापड झाला. माझं मीठ खोटं? घरी कोनाड्यात शुभ्र खडे वेचून बांधलेली पुडी दिसली. कुणाला न विचारता उचलली, आणि आता डॉक्टरांच्या टेबलावर आदळली.

शस्त्रक्रियेत लक्ष्मी जागीच होती. धीर द्यायला काळुशेठ उशाशी. भर दुपार. पंख्याच्या विजेमुळे यंत्राच्या लेखण्या केसाळ रेघा काढत होत्या. पंखा बंद केला, दिवे मालवले, दूरची विजेची आगगाडी निघून जाईपर्यंत सगळे थांबले. मग डॉक्टरांनी वाती पुडीतल्या मिठाच्या नव्या पाण्यात बुचकळून पुन्हा ठेवल्या.

तीन बारीक थरथरी... एक मोठा झटका. पुन्हा तीन... पुन्हा झटका.

"वा! अशी स्वच्छ रेघ विलायतेतही पाहिली नाही," डॉक्टर पुटपुटले. "रोग बोलण्याच्या जागेलगत आहे. वाचा जाईल कदाचित. पण फिट थांबेल." त्यांनी सुरी उचलली.

दाराच्या फटीतून गोदाचा, बायकोचा, दबका आवाज आला. "आवो... कोनाड्यातली पुडी तुम्ही नेलीत? लक्ष्मीवरून ओवाळलेली? ती खाडीत टाकायची होती..."

काळुशेठ ताडकन उठले. "डॉक्टर, सुरी खाली!"

"बाहेर व्हा आधी!"

"आधी वाती उचला, मग मला हाकला!"

संतापून डॉक्टरांनी वाती उचलल्या आणि मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकल्या. "घ्या! बघा आता रेघ कशी..."

तीन थरथरी. एक झटका.

डोकं तिकडे, वाटी इकडे. आणि टेबलावरून लक्ष्मी स्पष्ट म्हणाली, "बाबा, पंखा लावा ना. उकडतंय."

डॉक्टरांनी इस्पितळाचं मीठ मागवलं. नव्या वातींखाली मेंदूची रेघ संथ, निरोगी चालली. काहीही न कापता टाके घातले. लक्ष्मीची वाचा राहिली, फिटही पुन्हा आली नाही.

ती वाटी काळुशेठनी स्वतः खाडीत उपडी केली. गोदाला, डॉक्टरला, स्वतःलाही शिव्या घालत. रागात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. भरती लागली होती, आणि त्यांच्याच आगराची दारं पाणी घ्यायला उघडी होती.

त्या हंगामाला मीठ असं पांढरं उतरलं की गिऱ्हाइकांची रीघ लागली. डोंबिवलीचा महिपत वाणी एक गाडी भरायला आला. शेवटचं पोतं तराजूवर चढलं.

"शेठ, काटा थरथरतोय हो."

"माझा काटा खोटा?" काळुशेठ कडाडले आणि फणकाऱ्याने वळून बघू लागले.

वारा पडलेला होता. कुणी तराजूला हात लावला नव्हता.

तीन बारीक... एक मोठा.

"सगळ्याच पोत्यांना असंच होतंय सकाळपासून," महिपत म्हणाला. "असू दे. बाकीची पोती घेऊन गाडी केव्हाच पुढे गेली."