एझरसालाच्या बर्फावरची फितुरी

उजाडत होते, पण एझरसालाच्या तटावर उजेडाच्या आधी आवाज पोचला. करवतींचा, पहारींचा, कण्हत फुटणाऱ्या बर्फाचा.

आज ज्याला लाटव्हिया म्हणतात त्या मुलखातले हे चिमुकले गाव एका विस्तीर्ण सरोवरात जिभेसारख्या शिरलेल्या भूमीवर वसलेले. तिन्ही अंगांना पाणी, चौथ्या अंगाला घोड्यासकट स्वार गिळणारी दलदल, आणि मधल्या टेकाडावर ओकच्या ओंडक्यांचा तट असलेली गढी. उन्हाळ्यात तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याची कोणाची छाती नव्हती. परंतु थंडी कडकली की तेच सरोवर गनिमाला मैदानासारखे मोकळे होई. म्हणूनच, लिव्होनियाच्या युद्धातल्या त्या भयंकर हिवाळ्यात, रशियाच्या झारची फौज पलीकडच्या काठावर छावणी करून बसली असता, गावची माणसे रोज पहाटे गढीभोवतीचा बर्फ कापून पाण्याचा खंदक मोकळा ठेवीत. त्या खंदकावरच साऱ्यांचा जीव तगून होता.

दार्टा ही गावप्रमुख इन्द्रिकिस यांची विधवा सून. नवरा शरदात तटावर गोळी लागून पडला होता. घरात म्हातारा सासरा आणि लहानगी लेक माडे. स्वभावाने ती भित्री. तोफ कडाडली की तिच्या हातातले भांडे निसटे, आणि बायका हसत.

त्या सकाळी ती उत्तरेच्या काठावर बर्फातल्या भोकातून पाणी भरायला गेली आणि जागीच थबकली. इकडचा खंदक गोठून बुजला होता. किल्लेदार तापाने अंथरुणाला खिळल्यापासून गढीचा कारभार नायब कास्पर पाहत होता, आणि माणसे थकली म्हणून उत्तरेचा बर्फ कापणे त्यानेच थांबवले होते. एवढे तिला ठाऊक होते. पण बर्फात ठराविक अंतराने खोचलेल्या या फरच्या झाडाच्या फांद्या कोणाच्या? हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरची निर्धोक वाट अशीच दाखवतात. आणि ही वाट गनिमाच्या छावणीकडून निघून थेट गढीच्या दिंडी दरवाजाशी येत होती.

घागर तिथेच टाकून ती घरी धावली.

इन्द्रिकिस यांनी सारे ऐकले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"उद्या पहाटेचा दिंडीचा पहारा नायबाने बदलला आहे, पोरी. आपली सारी माणसं काढून स्वतःची नेमली आहेत."

"बाबा, किल्लेदारसाहेबांच्या कानावर घाला."

"त्यांच्या दाराशीही त्याचीच माणसं आहेत. साहेब शुद्धीवर येण्याआधी आपण फासावर लटकत असू." म्हातारा काठीला धरून उठला, दोन पावले चालला आणि मटकन खाली बसला. "माझ्या पायांत बळ असतं तर फांद्या हलवल्या असत्या. दिंडीच्या पूर्वेला झऱ्यांची खाडी आहे. तिथला बर्फ वरून सारखाच दिसतो. पण खाली झरे उसळतात, तो कधी धरत नाही."

ती खाडी दार्टाला सांगायला नको होती. तिचे वडील घोड्या-घसरगाडीसह तिथेच बुडाले होते. तेव्हापासून तिने त्या बाजूला पाऊल टाकले नव्हते.

मग माडेला सासऱ्याच्या मांडीवर ठेवून तिने शाल गुंडाळली.

दुपार कलली तसे सरोवरावर दाट धुके उतरले. दार्टा त्यात शिरली. गढी दिसेनाशी झाली, मग स्वतःचे हातही अंधुक झाले. एकेक फांदी उपटावी, पूर्वेकडे सरकून पुन्हा खोचावी, पुढे जावे. खाडीच्या तोंडाशी पायाखालचा बर्फ बारीक कुरकुरू लागला. ती पोटावर आडवी झाली आणि सरपटत पुढे गेली. काळजाचे ठोके इतके मोठे वाटत होते की छावणीतल्या पहारेकऱ्याला ऐकू जातील असे तिला भय वाटले. शेवटची फांदी रोवताना बोटांशी पाणी पाझरले. बर्फ भुरभुरू लागला आणि तिच्या खुणा झाकू लागला.

ती परतली तेव्हा दिंडीत कास्पर उभा होता.

"बाई, या धुक्यात कुठे जाणे झाले होते?"

"फरच्या डहाळ्या शोधत होते, धनी. शेजारची म्हातारी वारली. तिला न्यायच्या वाटेवर अंथरायच्या असतात."

"मग डहाळ्या कुठे आहेत?"

तिच्या हातांना डिंक चिकटला होता, घागऱ्याला हिरव्या सुया लागल्या होत्या. तिचे दात वाजू लागले.

"तोडायला गेले... पण लांडग्याचा आवाज आला. भ्याले आणि पळाले."

कास्परने तिच्या थरथरत्या हनुवटीकडे पाहिले आणि तो मोठ्याने हसला. "भित्री भागूबाई! जा घरी." एवढी भेदरलेली बाई कट उधळील असे कोणाच्या मनात येणार?

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना ती सासऱ्याला आधार देत तटावर उभी होती. धुके हटले नव्हते. दूरवर पावलांची दबकी करकर सुरू झाली आणि वाढत गेली. खाली दिंडी हळूच उघडली. करकर पूर्वेकडे वळली. आणि मग वीज कोसळावी तसा सरोवराचा पृष्ठभाग कडाडून दुभंगला.

"फितुरी! दिंडी उघडी आहे! दिंडी सांभाळा!" इन्द्रिकिस ओरडले. शिबंदी धावली आणि कास्पर पळता पळता उंबऱ्यातच धरला गेला. कल्लोळाने जागा झालेला किल्लेदार दोघांच्या खांद्यांवर भार टाकून खाली आला.

"नायब, ही गढी आम्ही आपल्या इमानावर सोपवली होती."

"ती आज ना उद्या पडणारच होती, साहेब."

"पडली असती. पण आतून नव्हे." किल्लेदाराने मान फिरवली, आणि शिपाई कास्परला घेऊन गेले. वाटेवरच्या फांद्यांची हकिगत कानावर येताच त्याने विचारले, "त्या फांद्या कोणी हलवल्या?"

इन्द्रिकिस यांनी सुनेला पुढे केले.

"बाई, गढी तुम्ही राखलीत. मागाल ते मिळेल."

धुक्यातून हाका अजून येत होत्या. भाषा परकी होती, पण आईला मारलेली हाक कळत होती.

"दोर द्या, साहेब. लांब दोर आणि शिड्या."

"ते गनीम आहेत."

"काल होते. आता बुडणारी माणसं आहेत."

किल्लेदाराने दोर आणायला हात हलवला. जे ओढून काढता आले ते थोडे होते. उरलेल्यांना वसंतात पाण्याने काठावर आणून सोडले आणि गावाने त्यांना टेकडीच्या पायथ्याशी मूठमाती दिली. वेढा त्याआधीच उठला होता.

झऱ्यांच्या खाडीला लोक तेव्हापासून भीतीची खाडी म्हणू लागले. पुढे परगावचा कोणी आला की विचारी, भीती कोणाची, झारच्या फौजेची का? केस पिकलेली दार्टा हातातले काम न थांबवता म्हणे, "माझी."