कोरीनच्या वाटणीची शांतता

लाकडं जरा आत सरकवा रे, आणि तो टॉर्च बंद करा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही डार्ला आपल्याच चर्चमध्ये पियानो वाजवायची, तुमच्यातल्या मोठ्या पोरांनी तिला पाहिलंय. तिने मला सांगितलं तसंच सांगतो.

मागच्या ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार. डार्ला, तिचा नवरा वेंडेल आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी मॅरीबेथ, असे तिघे बेकर्सफील्डहून लास वेगासला लग्नाला निघाले होते. जुगाराच्या गावात कसलं लग्न लावताय, म्हणून चर्चमधल्या बायकांनी नाकं मुरडली होती. पण नवरी होती जोलीन, म्हणजे वेंडेलच्या पहिल्या बायकोची, कोरीनची, धाकटी बहीण. कोरीन जाऊन चार वर्षं झाली होती आणि डार्ला त्या घरात येऊन दोन.

जोलीनने फोनवर फर्माईश केली होती, "ताई करायची ना, तसले चीजचे बटाटे करून आण." डार्लाने दुपारभर ओव्हनपुढे घाम गाळला. वेंडेलने चमचाभर चाखून पाहिले.

"मस्त झालेत गं. कोरीन कांदा जरा जास्त घालायची, एवढंच."

एवढंच म्हणे! डार्लाने भांडं झाकलं आणि गाडीत नेऊन आदळलं. बाई जिवंत असती तर चार शब्द सुनावता तरी आले असते. मेलेल्या बाईशी भांडणार कसं? ती कधी चुकत नाही, कधी जाड होत नाही. डार्ला तिच्यावर जळायची. सरळच सांगतो, जळायची. रात्री देवाजवळ माफी मागायची आणि सकाळी उठून पुन्हा जळायची.

त्या घराची एक रीत होती. लांबच्या वाटेला लागताना गाडीतच एकमेकांचे हात धरायचे आणि डोळे मिटायचे. एकाची प्रार्थना झाली की त्याने पुढच्याचा हात दाबायचा, मग पुढच्याने बोलायचं. आधी वेंडेल, मग डार्ला, मग मॅरीबेथ. त्यानंतर सगळ्यांनी थोडा वेळ गप्प राहायचं. तो कोरीनचा वाटा. मग वेंडेल 'आमेन' म्हणायचा.

त्या संध्याकाळी वाळवंटाच्या तोंडाशी, बार्स्टो गावाच्या पेट्रोल पंपावर तिघांनी हात धरले. मॅरीबेथचं बोलून झालं, तशी डार्ला झटकन म्हणाली, "आमेन! चला, उशीर होतोय."

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

"मॉमचं राहिलं," मागून मॅरीबेथ म्हणाली.

"देवाला सगळं कळतं, बाळा."

"मी तुझी बाळ नाही."

डार्लाला ते झोंबलं. पण मनातून बरंही वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीत तिघंच होती.

पुढे हमरस्त्यावर अपघात होऊन गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून वेंडेलने केल्सोकडचा, वाळवंटातून जाणारा आतला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना जोशुआची काटेरी झाडं आणि काळोख. लांब डोंगरामागे वेगासचा उजेड आभाळाला चढला होता. चढावर इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली. साडेअकरा वाजले होते.

बॅटरी टिकावी म्हणून वेंडेलने दिवे मालवले. उकाडा एवढा, की चारही दारं सताड उघडी टाकली. फोनला रेंज नाही. इंजिन निवेपर्यंत बसून राहायचं.

"प्रार्थना करू या," शेवटी डार्लाच म्हणाली. मघाचं तिला टोचत होतं. "मॅरीबेथ, हात दे."

मागच्या अंधारातून हात आला.

वेंडेलने प्रार्थना केली. डार्लाचा हात दाबला. डार्लाने केली. मागचा हात दाबला.

शांतता...

रुसली असेल. डार्ला थांबली.

शांतता लांबत गेली...

मग मागच्या हाताने तिचा हात दाबला. सोडला नाही. पुन्हा दाबला. अजून जोरात. बोटं चेंगरली.

"मॅरीबेथ, दुखतंय गं..."

"काय झालं?"

आवाज बाहेरून आला. गाडीच्या मागून. रस्त्यावरून.

"मी इथे बसलेय. मघापासून."

डार्लाने डोळे उघडले. मागे नुसता अंधार. हात मात्र हातात होता.

तिने वेंडेलकडे पाहिलं. त्या लांबच्या उजेडात त्याचा चेहरा पुसट दिसत होता. त्याचाही एक हात मागे गेलेला. धरलेला. डोळे मिटलेले.

आणि तो... हसत होता.

त्याने तो हात ओळखला होता. दोन वर्षांत डार्लाकडे बघून तो असा एकदाही हसला नव्हता.

घाबरायचं सोडून ती पेटली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "माझा आहे तो."

हात सुटेना.

"तुझं झालंय... जा तू."

बोटं सुटली. एकेक करून... सावकाश.

"आमेन," वेंडेल हळूच म्हणाला.

मॅरीबेथ येऊन गाडीत बसली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मध्यरात्र उलटल्यावर तिघं वेगासला पोचली.

सकाळी हॉटेलात तोंड धुताना डार्लाचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं. तिची लग्नातली अंगठी रुंद होती, खड्याची. आता बोटात होती ती बारीक, झिजलेली. साबण लावून कशीबशी काढली. आतल्या बाजूला कोरलं होतं: वेंडेल आणि कोरीन.

तिने ती वेंडेलपुढे धरली. तो आतली अक्षरं बोटाने चाचपत राहिला.

"तुझ्याच कपाटात होती ना ही?" तिने विचारलं. "खरं सांग."

"नाही गं. ती तिच्या बोटात होती. शवपेटीचं झाकण लावलं तेव्हा... तशीच."

डार्ला आपल्या रिकाम्या बोटाकडे बघत राहिली.

"मग माझी कुठे आहे, वेंडेल?"