टर्बो थंड होईपर्यंत

ज्यांना ही थाप वाटेल, त्यांनी खुशाल इथेच थांबावं. मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळणाऱ्या माणसाला भुताखेतांचं काही अप्रूप नसतं. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गुरुवारची संध्याकाळ. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यालगत एक बैठं घर आणि त्याला चिकटून लोखंडी शटरचं गॅरेज.

दादाला टर्बोवाली स्पोर्ट्स कार घ्यायची होती. मॉडेल एकच, पण पिढ्या दोन. जुन्या पिढीतली लाल गाडी एक टेलरबाई विकत होत्या. नवी शोरूममध्ये होती. जुनीत दम आहे, नवीत अक्कल आहे... हे ऐकवून ऐकवून त्याने आमचं डोकं खाल्लं होतं. वहिनीचं म्हणणं एवढंच, की ज्यातून माणूस धड घरी येईल ती घ्या.

त्या बैठ्या घराच्या दारात टेलरबाईंनी किल्ली दिली. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती.

"चालवून बघा," त्या म्हणाल्या. "पण परत आलात की लगेच बंद करा आणि उतरा. आत बसून राहू नका."

दादाला हे अजिबात पटलं नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. गाडी पळवली की तो लालबुंद तापतो. जुन्या गाड्यांमध्ये तो निवेपर्यंत इंजिन जागच्या जागी चालू ठेवावं लागतं, नाहीतर आतलं तेल जळतं. बाईंना गाडीतलं काय कळतंय, असं तो वाटेत मला म्हणाला.

दादा बुटका आहे. निघताना त्याने सीट पार पुढे ओढून घेतली होती. मी त्यावरून त्याला चिडवलंही.

गाडी मात्र झकास होती. आधी काहीच नाही, आणि मग पाठीत एकदम धक्का. दादा लहान मुलासारखा हसत होता.

परत आलो. त्याने गाडी गॅरेजमध्ये घेतली. मी उतरलो. दादा आतच बसला. इंजिन गुरगुरत होतं.

बराच वेळ झाला...

"चल की आता," मी म्हणालो.

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"थांब. अजून गरम आहे."

आवाज त्याचाच होता. पण दादा इतकं सावकाश कधीच बोलत नाही.

तेवढ्यात टेलरबाई धावत आल्या. उघड्या खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली फिरवली. दादा झोपेतून उठल्यासारखा दचकला आणि खाली उतरला.

मी आत पाहिलं...

सीट पार मागे गेली होती.

रूळ सैल झाला असेल, दादा म्हणाला. टेलरबाई पायरीवर बसल्या आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा चांगला उंचापुरा होता. रोज गाडी आणायचा आणि टर्बो थंड होईपर्यंत आतच बसायचा. एकदा बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून त्याने आधी शटर ओढून घेतलं आणि इंजिन चालूच ठेवलं. तिथेच त्याचा डोळा लागला. गॅरेज धुराने भरलं. त्या पलीकडे शिलाई मशीनवर होत्या. मशीनच्या आवाजात त्यांना इंजिन बंद न झालेलं कळलंच नाही.

घरी येऊन दादाने नवी गाडी ठरवून टाकली. माझा जीव भांड्यात पडला. नव्या पिढीत बसून राहायची गरजच नसते. गाडी बंद केली तरी आतला पंप स्वतःच पाणी फिरवतो आणि टर्बो थंड करतो.

काही दिवस बरे गेले.

मग वहिनीचा फोन आला. दादा घरी येतो, पण गाडीतून लवकर उतरत नाही. सकाळी बघावं तर सीट मागे गेलेली. आणि गाडीतून कसलासा आवाज येत राहतो. मी हसलो आणि तो पंप असणार म्हणून सांगितलं. तरी रविवारी संध्याकाळी दादाकडे गेलोच.

फाटक उघडलं आणि जागीच थांबलो.

तो पंप नव्हता. ती त्या जुन्या लाल गाडीची गुरगुर होती... मी कुठेही ओळखली असती.

दादाच्या गॅरेजचं शटर खाली ओढलेलं होतं.

मी वहिनीला हाक मारली. दोघांनी मिळून शटर वर ढकललं. धुराचा लोट अंगावर आला.

इंजिन चालू होतं. चालकाची सीट रिकामी होती, पार मागे सरकलेली. दादा शेजारच्या सीटवर होता... पट्टा लावून, मान एका बाजूला कलंडलेली.

त्याला ओढत अंगणात आणलं. वहिनी रडत रडत त्याच्या गालावर चापट्या मारत होती. खूप वेळाने त्याने डोळे उघडले, आणि उलट माझ्यावरच चिडला.

"एवढी काय घाई होती? तो म्हणाला होता, थोडंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी टेलरबाईंकडे गेलो. लाल गाडी तिथेच धूळ खात उभी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली.

"तुम्ही नवी घेतलीत?"

"हो. मुद्दामच. ही नको म्हणून."

त्या मापाची टेप बोटाभोवती गुंडाळू लागल्या.

"ह्यांनाही नवीच हवी होती. शोरूममध्ये नाव नोंदवून ठेवलं होतं. रोज वाट बघायचे. ती यायच्या आधीच गेले." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "करडी घेतलीत ना?"

मी रंग सांगितलाच नव्हता.

आम्ही दादाच्या गॅरेजचं शटर काढून टाकलं, चौकटीसकट. गाडी विक म्हणून दादाच्या हातापाया पडलो. तो ऐकत नाही. वहिनीचा जीव रोज संध्याकाळी टांगणीला लागतो आणि माझाही. तो घरी पोचायच्या सुमारास मी फोन करतो, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला घास उतरत नाही.

काल सहज विचारलं, सीट अजून मागे जाते का. म्हणाला, आता पुढे ओढायचंच सोडून दिलंय.

"मग तुझे पाय कसे पोचतात?"



फोनमध्ये मागून गुरगुर येत होती. शटर आता नाही, शटर आता नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो.