निम्मा खिमा

टोफूच्या दुकानात शिरण्याआधी धाकटीने एप्रन काढून पिशवीत कोंबला, हात नाकाशी नेऊन पाहिले आणि रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना, याची खात्री करून घेतली. एवढी काळजी चोरही घेत नसेल. पण मटणवाल्याची मुलगी टोफू घेते हे कुणी पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं.

आत उकळत्या सोयाबीनची वाफ भरून राहिली होती. पाण्याच्या पातेल्यांत पांढरेशुभ्र ठोकळे निवांत बसले होते, आणि त्यांच्यामागे बाह्या दुमडून एक तरुण उभा होता.

"किती देऊ?"

"एका माणसापुरता."

"तो माणूस तुम्हीच का?"

"छे… शेजारचे काका," धाकटी घाईघाईने म्हणाली. "डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय. भात, ब्रेड, बटाटे तर जवळजवळ बंदच. प्रोटीन मात्र भरपूर हवं."

"मग काका भडकले असतील."

"डॉक्टरांनाच विचारलं, आता हवा खाऊ का?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटायचा. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या लक्षात आलंय हे त्याच्याही लक्षात आलं.

"आणि काकांची एवढी काळजी घेणाऱ्या तुम्ही काय करता?"

"कपड्यांच्या दुकानात असते." थाप इतकी सहज निसटली, की तिची तीच चकित झाली.

थापेमागे एक जुनं दुखणं होतं. कॉलेजात एकाने तिचा हात हातात घेतला होता, मग अलगद सोडून रुमालाने आपली बोटं पुसली होती. तेव्हापासून धाकटी बाहेर जाताना दोन-दोनदा साबण लावायची, आणि तरी कुणी जवळ आलं की हात मागे घ्यायची.

शेजारचे काका म्हणजे अर्थात तिचे बाबा. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने गनिमी कावा केला. टोफू फडक्यात दाबून पाणी काढायचं, हाताने कुस्करायचा, कोरडाच परतायचा आणि खिम्यात मिसळायचा, निम्मा निम्मा. बटाट्याच्या जागी फ्लॉवर. बाबा मिटक्या मारत जेवायचे आणि म्हणायचे, "आपल्या दुकानच्या खिम्याची सर कशाला नाही." पुढे रिपोर्टही चांगला आला. बाबा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगू लागले, की नुसता खिमा खाऊन माझी साखर उतरली. सत्तूर चालवणाऱ्या धाकटीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

टोफूच्या दुकानात मात्र तिचं जाणं वाढतच गेलं.

"काय म्हणतात काका?"

"खिम्यात निम्मा मिसळून देते. परत परत मागून घेतात."

"आणि त्यांची शेजारीण? तिला आवडतो का?"

"आवडतो…"

"टोफू?"

धाकटी पिशवीचा बंद सोडवू लागली. तो सुटलेलाच होता.

"तुमचे हात किती गार असतात," एकदा पुडकं घेताना ती म्हणून गेली.

"दिवसभर पाण्यात असतात ना. तुमचे बघू?"

"नको— उशीर होतोय." आणि ती पळालीच. वाटेत झिमझिम पाऊस लागला, तरी तिला छत्री उघडायचं सुचलं नाही. त्याला सगळं खरं सांगून टाकावं, असं पुढे त्याच्याकडे जाताना तिने दहादा ठरवलं. दुकान दिसल्यावर तो बेत दहाही वेळा मोडला.

आणि मग एका सकाळी तोच त्यांच्या दुकानात येऊन उभा राहिला. हातात डबा, डोक्यावर पावसाचे थेंब.

"काका," तो बाबांना म्हणाला, "मी टोफू करतो. तुमचा खिमा आणि माझा टोफू निम्मा निम्मा विकून बघूया का? माझ्याकडे एक बाई येतात, त्यांनी शोधून काढलंय. फार हुशार आहेत हो. त्यांच्या शेजारचे काका तर—"

तेवढ्यात मटण तोडायच्या ओंडक्यामागची धाकटी त्याला दिसली. एप्रन, डाग, हातात सत्तूर. त्याचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही इथे?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. बाबांनी वळून पाहिलं. "ओळखतेस यांना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

त्याने तिच्यावरची नजर काढून बाबांकडे वळवली. मग म्हणाला, "माझाच घोळ झाला काका. दुसऱ्याच कुणी असतील त्या." डबा तिथेच ठेवून तो पावसात निघून गेला. तिची थाप त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती. धाकटीला जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं.

गिऱ्हाइकं पांगल्यावर बाबांनी डबा उघडून एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"तोच आहे," ते म्हणाले.

"कोणता?"

"तू रोज घालतेस तो. अगं, जन्म गेला माझा खिमा करण्यात. पहिल्याच घासाला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मटणवाल्याला टोफू आवडायला लागला म्हणून?" बाबा ओशाळून हसले. "मलाही लाज वाटतेच की. पण मी माझी लाज माझ्यापाशी ठेवली, धाकटे. तू तुझी त्या पोराच्या तोंडावर फेकलीस. जा आता."

तिने हात धुतले, एकदाच. एप्रन तसाच राहू दिला आणि भर बाजारातून चालत गेली. लोक बघत होते, तर बघू देत.

टोफूच्या दुकानात एक आजी उभ्या होत्या. त्याने वर पाहिलं आणि परक्याला विचारावं तसं विचारलं, "बोला, किती देऊ?"

ते तिला फार लागलं.

"मी कपड्यांच्या दुकानात नसते," ती म्हणाली. "ते मटणाचं दुकान आमचं. शेजारचे काका म्हणजे माझे बाबा. आणि सकाळी मी खोटं बोलले… तुमची लाज वाटली म्हणून नाही. माझीच वाटली."

आजींनी पिशवी खाली ठेवली. नीट ऐकायचं होतं त्यांना.

"मला वाटलं, माझ्या टोफूची वाटली," तो हळूच म्हणाला.

"टोफूसाठी कुणी रोज रोज येतं का?"

"येतात की. या आजी येतात."

"मी टोफूसाठीच येते," आजी म्हणाल्या. "हिचं मला माहीत नाही."

त्याने हसू दाबलं, पण एक डोळा आधी मिटलाच. धाकटीला रडू आणि हसू एकदमच आलं.

"बाबांनी बोलावलंय," तिने स्वतःच्या मनाने ठोकून दिलं. मग जीभ चावली. "म्हणजे… बोलावतील. मी ओळख करून देते, चला."

"काय म्हणून?"

"शेजारच्या काकांचा टोफूवाला म्हणून."

"आणि शेजारणीचा?"

बाहेर पाऊस थांबला होता, नाहीतर त्याच्या आवाजाआड लपता आलं असतं. धाकटी खाली बघत म्हणाली, "तिचाही."

त्याने पाण्यातून हात काढला आणि तसाच ओला पुढे केला. तिचा हात सवयीने मागे गेला.

"वास येईल," ती पुटपुटली.

त्याने तो हात धरून पुढे आणला, आपल्या चेहऱ्यापाशी नेला.

"येतोय," तो म्हणाला. आणि हात सोडला नाही.