सात प्रश्न, सात ‘नाही’

धाकटीने टाचा उंचावल्या, हात सरळ वर नेला आणि वरच्या फळीवरचा निळ्या कापडाचा अख्खा तागा सहज खाली ओढला... कटिंगच्या टेबलाशी उभ्या थोरल्या जावेच्या काळजात जणू कुणी कातरच खुपसली!

“बघ!” सासूबाई मशीनवरून म्हणाल्या. “तोच डॉक्टर, तेच ऑपरेशन. हिला चार महिने झाले, तुला दीड वर्ष. तरी तुझं आपलं दुखतंयच! उद्यापासून कटिंग हीच करेल.”

कटिंग! घरातल्या या शिवणकामात वीस वर्षं खडू आणि कातर थोरलीच्या हातात होती. धाकटी फक्त बटणं लावायची. दोघींच्याही छातीत गाठ निघाली, दोघींचाही एकेक स्तन गेला. पण थोरलीच्या काखेतून दंडापर्यंत आगीची तार ओढल्यासारखं व्हायचं, ब्लाउजची शिवण लागली तरी जीव कळवळायचा, आणि ही बया ताग्यांशी खेळते! मत्सराने तिचं अंतःकरण करपत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. का वाटावी? जे घर दुखण्याला नखरा म्हणतं, त्याने दुखणारीकडून मनाचा मोठेपणा कुठल्या तोंडाने मागायचा?

“घे!” तिने कातर आपटली. “टेबल घे. नवराही घेऊन जा माझा, तोही हल्ली तुझेच गोडवे गातो!”

“भांडा तुम्ही, मी चहा टाकते,” म्हणत सासूबाई आत गेल्या. धाकटीचे डोळे भरून आले.

“रडू नकोस! ऑपरेशनआधी नर्सपुढेही ढसाढसा रडलीस म्हणे.”

“रडले. म्हणूनच निभावले, ताई... नर्सने एक कागद दिला होता. तोच तुम्हालाही दिला होता. तुम्ही सांगत होता, मी लिहीत होते. खांदा दुखतो का? झोप लागते का? भीती वाटते का? सात प्रश्न... तुम्ही सातही वेळा ‘नाही’ म्हणालात.”

थोरलीला आठवलं. गणवेशांची ऑर्डर अडकली होती. काही दुखतंय म्हटलं तर ऑपरेशन लांबेल, घर खोळंबेल, म्हणून तिने ओठ आवळले होते.

“तुमचा खांदा दोन वर्षं ठणकत होता. शेकायची पिशवी मीच भरून द्यायचे. तरी ‘नाही’ लिहिलं... मुद्दाम! सगळे म्हणायचे, थोरली वाघीण आहे. मी जळत होते हो तुमच्यावर! म्हटलं, वाघीण ना, मग राहू दे... माझ्या वेळी मी खरं सांगितलं, तर नर्स म्हणाली, आधीचं दुखणं, झोप नाही, मनात धास्ती, अशांना मागाहून जास्त दुखू शकतं. म्हणून मला भुलीचं वेगळं इंजेक्शन दिलं, व्यायाम शिकवला, बोलायला माणूस दिलं. तुमच्या तर काखेतल्या गाठीही काढल्या, वर रेडिएशन! नखरा नाही तो. चार महिने मला माहीत होतं... आणि मी कौतुक करून घेत बसले!”

थोरलीचा हात उठला, थोबाडीत मारायला. पण खांद्यापाशीच अडकला. वेदनेने तिचा चेहरा पिळवटला... आणि तोच हात धाकटीने खालून अलगद तोलून धरला.

“लिहिलंस तू,” थोरली हुंदक्यात म्हणाली, “पण खोटं बोलले मीच. खरं सांगितलं असतं तरी कदाचित दुखलंच असतं... पण निदान कुणी विचारलं तरी असतं! फार दुखतंय गं...”

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातातल्या कपातला चहा त्यांच्या पायावर सांडत होता. “कटिंगचं मरू दे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “उद्या दवाखान्यात जायचं. मी येते.”

दुसऱ्या दिवशी नर्सने पुन्हा तोच कागद दिला. पेन धाकटीच्या हातात.

“भीती वाटते का, ताई?”

“वाटते. झोपही नाही. आणि लिही, धाकट्या जावेवर जळते. अजून.”

“त्याला रकाना नाही, ताई.”

“मग बाजूच्या कोऱ्या जागेत लिही.”

धाकटीने लिहिलं. थोरलीने कागद ओढून डोळ्यांजवळ धरला, नीट वाचला. या वेळी एक शब्दही खोटा नव्हता.