चंदनबाईचा दाखला

दोघं एकदमच शिंकले, म्हणून ओळख झाली.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. जालन्याच्या नगरपालिकेतली जुन्या कागदांची खोली. द्वारका घनसावंगीहून जीपमध्ये अंग चोरून बसून आलेली. मोठ्या हौसेनं तिनं फडक्यात बांधलेलं पहिलं दप्तर सोडलं, आणि निजामाच्या वेळची धूळ तिच्या आणि तिथल्या कारकुनाच्या नाकात गेली.

"हळू हो बाई," पारस डोळे पुसत म्हणाला. "पन्नास वर्सं झोपलेत कागद. असं दचकवून उठवत्यात का?"

"मंग काय, पाळणा म्हणू?"

तिला नाटककार केशवराव टाकळकरांचा शोध घ्यायचा होता. त्यांची नाटकं सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, पण जालन्यातली नऊ वर्षं कुणालाच ठाऊक नव्हती. हे शहर सोडल्यावर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. का, ते सापडलं तर द्वारकेची पीएच.डी. होणार होती. नाही तर आष्टीचं स्थळ तयारच होतं.

कागद सगळे उर्दूत. तिला अलिफही येत नव्हता, पारसला मौलवींनी शिकवलेलं. तो वाचायचा, ती लिहायची. नाटकाचा परवाना, नळासाठी अर्ज, तालमीच्या गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार... केशवराव हळूहळू डोळ्यांपुढं उभे राहू लागले, आणि पारस दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालू लागला.

"आज कुणी पाहुणे हायेत का?"

"हायेत ना. दर मंगळवारी येऊन राह्यलेत... घनसावंगीहून."

द्वारका खाली मान घालून लिहीत राहिली, पण त्या दिवशीचं अक्षर तिचं तिलाच लागलं नाही.

भाद्रपदात मृत्यूच्या नोंदींची वही निघाली. "चंदनबाई, वय चोवीस. बाळंतपणात मयत. खबर देणार केशवराव टाकळकर. नातं – बायको. तिच्या बापाचं नाव..." पारस थांबला. "पुसट हाय."

खोटं बोलणं त्याला जमत नसे. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"पारस... खरं सांगा."

"मिश्रीलाल. माझे पणजोबा."

चंदनबाई म्हणजे त्याच्या आजोबांची विधवा बहीण. तिनं मारवाडात जाऊन जैन साध्वीची दीक्षा घेतली, असं घरचे पन्नास वर्षं सांगत आले होते. दीक्षा झालेलं घराणं म्हणून समाजात मान होता. पर्युषणात त्याचे वडील, चांदमल, तिचं नाव घेताना हात जोडत.

केशवरावांची लेखणी कुठं थांबली ते सापडलं, पण द्वारकेनं वही मिटून ठेवली. विद्यापीठाला मृत्यूचा दाखला हवा होता. आणि दाखल्याच्या अर्जात रकाना होता – मयताशी नाते. रक्ताच्या माणसाची सही असेल तरच दाखला निघायचा.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मला न्हाई पाहिजे. आष्टीवाले काय वाईट हायेत?"

पारस तडकला. "घरच्यांनी तिला जितेपणी पुसून टाकलं. आता तूबी पुसणार? माझ्यासाठी?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही रागानं.

पुढच्या मंगळवारी टेबलावर दाखला तयार होता. अर्जात नातं – आजोबांची बहीण. खाली त्याची सही. पारसच्या अंगावर चुरगळलेला शर्ट होता आणि डोळे सुजले होते.

"घरी मीच सांगितलं. बाबूजी म्हणले, ते पान फाडून टाक. बिलकुल न्हाई म्हणलो. मंग काल त्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली... पाणी आईनं तापवलं. रडत रडत."

जित्याजागत्या पोराच्या नावानं आंघोळ! द्वारकेला रडू आवरेना.

"माझ्यामुळं झालं सगळं."

"चंदनबाईमुळं झालं. आणि... थोडं तुझ्यामुळंबी. तू आवडतीस मला, द्वारका. म्हणलं, मेल्यावर तरी सांगून टाकावं."

ती रडता रडता हसली, आणि मग हसू पुसलं गेलं. तिच्या बापाला, रखमाजीला, ती चांगली ओळखत होती.

"मारवाड्याचा पोरगा केला म्हणून कळलं, की माझे अण्णाबी आंघोळ करतील. माझ्या नावानं."

"मंग?"

"मंग काय? मेलेल्यांना आणखी कोण मारणार?" तिनं त्याचा हात धरला. "ऊठ. जल्दी."

दोघं बाहेर पडले तेव्हा भर दुपार होती, आणि दोघांनाही जायला एकही घर नव्हतं.